हेल्मेट घातलं की वीस मिनिटांत कपाळ ठणकतं? मोठी साइज घ्यायच्या आधी हे बघा

तक्रार नेहमी त्याच चालीत येते. हेल्मेट नवं आहे, दुकानात छान बसलं होतं, आयएसआय मार्क आहे, पैसेही बरे मोजलेत. पण घरून निघून सायन येईपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. मग सिग्नलला हेल्मेट थोडं मागे सरकवायचं, पट्टा सैल सोडायचा, आणि महिन्याभरात ते आरशाला लटकवून गाडी चालवायची. पुढच्या वेळी माणूस एक साइज मोठं घेतो. कपाळ दुखायचं थांबतं, पण खड्डा आला की हेल्मेट नाकावर येतं. मग पुन्हा तिसरं.

मुंबईत हे जास्त होतं, आणि त्यात आपल्या डोक्याचा दोष कमी आणि रस्त्यांचा जास्त. सी लिंकवर दुचाकी चालत नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही, जेजे पुलावर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवरही नाही. म्हणजे जिथून पटकन निसटता आलं असतं ते सगळे रस्ते आपल्याला बंद. उरतो तो खालचा रस्ता, मेट्रोचे बॅरिकेड आणि बेस्टच्या बसची शेपटी. वेग वीस-पंचवीसचा आणि हेल्मेट तास-दीड तास डोक्यावर. दुकानात आपण ते जेमतेम एक मिनिट घालतो, आरशात बघतो, 'बसलं' म्हणतो. हाडावर एका जागी येणारा दाब एका मिनिटात कळतच नाही. तो कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात दुकानदाराने बिल फाडलेलं असतं.

म्हणून पहिली तपासणी घरात करायची. हेल्मेट नवं असेल तर काचेवरची फिल्म काढू नका, बिल टाकून देऊ नका. पट्टा लावा आणि अर्धा तास टीव्हीसमोर बसा. घरचे हसतील, हसू द्या. अर्ध्या तासाने हेल्मेट काढून लगेच आरशात कपाळ बघा. सगळीकडे हलकी लाली असेल आणि ती पाच-दहा मिनिटांत जात असेल तर काळजी नाही, नव्या पॅडचा तो दाब आहे. पण रुपयाच्या नाण्याएवढा एकच लालबुंद डाग उठला असेल आणि त्यावर बोट ठेवलं तरी दुखत असेल, तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याचं नाही. ते कितीही वापरलं तरी तुमचं होणार नाही.

दुखतं कुठे, त्यावरून कारण

टेप डोक्याचा फक्त घेर मोजते, आकार मोजत नाही. वरून बघितलं तर काहींचं डोकं पुढून मागे लांबट असतं, काहींचं जवळजवळ गोल, आणि बरेचसे अधेमधे. ५८ सेंटिमीटरचं लांबट डोकं आणि ५८चं गोल डोकं, टेपच्या हिशेबात दोघांनाही मीडियमच. हेल्मेटच्या आतल्या पोकळीलाही असाच एक आकार असतो, आणि तो कंपनीगणिक काय, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येही वेगळा निघतो. डब्यावर तो बहुतेक वेळा लिहिलेला नसतो. त्यामुळे तो शोधायचं काम आपल्याच कपाळाला करावं लागतं.

कपाळ दुखतंय आणि त्याच वेळी कानशिलाजवळ पॅड आणि डोकं यांच्यामध्ये बोट सहज जातंय, असं असेल तर डोकं लांबट आहे आणि हेल्मेट आतून गोल. उलट, कानशिलं आवळली जातायत आणि कपाळासमोर किंवा मागे पोकळी आहे, मान हलवली की हेल्मेट पुढे-मागे डुलतंय, तर डोकं गोल आणि हेल्मेट लांबट. दोन्ही वेळा साइज बरोबर असू शकते. चप्पल पंजात रुतते म्हणून दोन नंबर मोठी घेतली तर ती टाचेतून निसटते, तसंच इथे होतं. मोठ्या साइजमध्ये कपाळाला जागा मिळते, पण बाजूंची आधीचीच पोकळी आणखी वाढते. पडल्यावर असं हेल्मेट डोक्याभोवती फिरतं किंवा सरळ निघून जातं. उपाय एकच, त्याच साइजचं दुसऱ्या आकाराचं हेल्मेट.

माझा मावसभाऊ कळव्याहून अंधेरीच्या सीप्झला जातो, ऐरोली पूल आणि जेव्हीएलआर म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. त्याच्या कपाळावर भुवयांच्या वर मधोमध असाच एक डाग उठायचा, ऑफिसात पोहोचल्यावरही तासभर दिसायचा. त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदार वयाने मोठे, बोलायला गोड. 'दादा, नवं आहे ना, फोम दबतो. महिनाभर घाला, मग बघा कसं मऊ होतं.' मी म्हटलं, 'काका, दबतो तो कुठला फोम?' त्यांनी बोटाने आतलं कापड दाबून दाखवलं. मी कापडाचं अस्तर कपाळाजवळ जरा उचललं आणि मागचा काळा थर्माकोल दाखवला. 'आणि हा?' काका हसले आणि दुसऱ्या कंपनीचा डबा काढायला आत गेले. तिसऱ्या डब्यातलं बसलं, साइज तीच.

दुकानदार खोटं बोलत होते असंही नाही. हेल्मेटच्या आत दोन थर असतात. डोक्याला लागतो तो कापड आणि स्पंजचा थर. तो वापराने दबतो, गालांजवळ तर चांगलाच दबतो, कारण तिथे तो जाड असतो. त्याच्या मागे ईपीएसचा म्हणजे थर्माकोलचा कडक थर असतो. तो रोजच्या वापराने दबायचा नसतो. डोकं आपटलं की चिरडून घेऊन धक्का आपल्या अंगावर घ्यायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो त्या जागी एकदाच करतो. कपाळाजवळ स्पंज पातळ असतो, लगेच मागे थर्माकोल. म्हणून गालांची तक्रार महिन्याभरात मिटते आणि कपाळाची मिटत नाही. नव्या हेल्मेटमध्ये गाल फुगून येतात, बोलताना आतून दाताखाली येतात, ते चालेल. कपाळ, कानशील किंवा टाळू यांवर एका ठिकाणी रुतणं चालणार नाही.

इथे एक उद्योग कळकळीने थांबवायचा आहे. काही जण चमच्याच्या पाठीने थर्माकोल दाबतात, काही कटरने खरवडतात, 'फक्त तेवढीच जागा' म्हणून. कपाळ हीच आपटायची जागा. तिथला थर आधीच चिरडून ठेवला तर हेल्मेट वरून नवंकोरं दिसतं आणि नेमक्या वेळी तिथे काही उरलेलं नसतं. पॅड बदलता येत असतील तर जरूर बदला. काही कंपन्या गालांचे आणि डोक्यावरचे पॅड वेगवेगळ्या जाडीत देतात. थर्माकोलला मात्र हात लावायचा नाही.

दुकानात काय करायचं

घरातून निघतानाच डोकं मोजा. शिवणकामाची टेप भुवयांच्या साधारण एक इंच वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. आपल्याकडे हेल्मेटवर बहुतेक मिलिमीटरमध्ये लिहितात, ५८० म्हणजे मीडियम, ६०० म्हणजे लार्ज असा प्रघात आहे, पण कंपनीचा स्वतःचा तक्ता बघितल्याशिवाय 'मला एल लागतो' असं सांगू नका. गाडीबरोबर शोरूममधून मिळालेलं हेल्मेट एल होतं, एवढ्यावरून आपलं डोकं एल ठरवणारे पुष्कळ आहेत. नवी दुचाकी घेताना हेल्मेट द्यावं असा नियम आहे, मोटार वाहन नियमावलीच्या नियम १३८ मध्ये. ते कोणाच्या मापाचं असावं याची फिकीर शोरूमला नसते.

घालताना दोन्ही पट्टे हातात धरून बाहेरच्या बाजूला ताणा आणि मग डोकं आत घाला, म्हणजे कान दुमडत नाहीत. पुढची कड भुवयांच्या किंचित वर यायला हवी. कपाळ अर्धं उघडं असेल तर हेल्मेट मागे बसलंय किंवा लहान आहे. आता डोकं स्थिर ठेवून हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. गालांची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली जायला हवी. कातडी जागेवर राहिली आणि हेल्मेट फिरलं तर ते सैल.

यानंतरची चाचणी फार थोडे करतात. पट्टा नीट लावा, मागून हेल्मेटच्या खालच्या कडेला बोटं घाला आणि पुढे-वर ढकलून ते डोक्यावरून काढायचा प्रयत्न करा. कोणी सोबत असेल तर त्याला करायला सांगा, जरा जोर लावून. निघालं तर ते हेल्मेट परत शेल्फवर. पट्टा हनुवटीखाली इतका असावा की दोन बोटं जेमतेम शिरतील. दोन कड्यांचा पट्टा दरवेळी आपोआप नेमका बसतो. टकटक आवाज करणाऱ्या बक्कलचा पट्टा एकदा जुळवला की आपण तो विसरतो आणि महिन्यांनी तो ढिला झालेला असतो. बक्कलवाला वाईट नाही, पण अधूनमधून त्याची लांबी तपासत जा.

आणि मग घातलेलं हेल्मेट काढू नका. जॅकेट बघा, हातमोजे बघा, दुकानदाराशी गप्पा मारा. पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. जो दुकानदार एवढी मुभा देत नाही, त्याच्याकडून घ्यायचं नाही, मग तो कितीही सूट देवो. रविवारी संध्याकाळी गर्दीत जाण्यापेक्षा आठवड्यात मधल्या दिवशी दुपारी जा. तेव्हा कोणी पाठीशी उभं राहून घाई करत नाही.

बाकीची दुखणी

टाळू दुखत असेल तर आधी केसांतला क्लिप, चिमटा, वर बांधलेला अंबाडा बघा. केस मानेजवळ खाली बांधले की निम्म्या तक्रारी जातात. तरीही टाळूला लागत असेल तर हेल्मेटची खोली कमी पडते आहे, मॉडेल बदला.

कान दुखतात ते दुमडल्यामुळे, नाहीतर आत बसवलेल्या ब्लूटूथच्या स्पीकरमुळे. इअरफोन घालून वर हेल्मेट चढवणाऱ्यांनी कानाची तक्रार करू नये.

चष्मा असेल तर आधी हेल्मेट, मग चष्मा. सरळ दांडीचा चष्मा आत सरकतो, कानामागे खूप वळलेला अडकतो. काही हेल्मेटच्या पॅडमध्ये चष्म्याच्या दांडीसाठी खाच दिलेली असते, खरेदी करताना ती विचारून घ्या आणि चष्मा घालूनच पंधरा मिनिटं बसा.

मान दुखते ती वजनामुळे असं सगळे म्हणतात. वजनाचा भाग असतो, पण शहरातल्या वेगात तो थोडा. वाशीच्या खाडीपुलावर किंवा घोडबंदर रोडला वारा हेल्मेट मागे खेचत असेल, पट्टा गळ्याला लागत असेल, तर आधी फिट तपासा. सैल हेल्मेट वाऱ्यात वर उचललं जातं आणि त्याला धरून ठेवायचं काम मान करते. मोठ्या छज्जाची, डर्ट बाइकसारखी हेल्मेटं दिसायला झकास, पण तो छज्जा वारा पकडतो.

'सहा महिन्यांपूर्वी घट्ट होतं, आता हलतं' ही तक्रारसुद्धा नेहमीचीच. गालांचे पॅड दबले. बहुतेक चांगल्या कंपन्यांचे पॅड सुटे मिळतात, नवे घाला. मिळत नसतील आणि फिरवून बघितल्यावर कातडी ओढली जात नसेल तर हेल्मेट बदलायची वेळ आली. घट्ट बसावं म्हणून आत रुमाल किंवा जाड टोपी घालणं म्हणजे डोकं आणि हेल्मेट यांच्यामध्ये आणखी एक घसरणारा थर घालणं. पातळ सुती टोपी घामासाठी चालते, पण मग हेल्मेट घेतानाच ती घालून बघायची.

जून ते सप्टेंबर: काच धुरकट होते

पावसाळ्यात डोकेदुखीपेक्षा ही तक्रार जास्त. पाऊस बाहेरून काचेवर, वाफ आतून. काच खाली केली तर दिसत नाही, वर केली तर थेंब डोळ्यांत. मग लोक काच अर्धी उघडी ठेवून डोळे बारीक करून चालवतात, आणि रस्त्यावरचा पेव्हर ब्लॉक वर आलाय की गटाराचं झाकण खाली गेलंय हे चाकाला आधी कळतं.

कारण सोपं आहे. श्वासातली हवा गरम आणि दमट, पावसाने काच गार झालेली. वाफ तिच्यावर बसते. डोंगरात किंवा थंडीत हवेची झडप उघडली की बाहेरची कोरडी हवा आत येऊन काच साफ होते. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे झडपा उघडून थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर तर हवा हलतच नाही.

सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे पिनलॉक. काचेच्या आतून बसवायची ही एक दुसरी पातळ पट्टी असते, कडेने सिलिकॉनची किनार. दोन्हींच्या मध्ये बंद हवेचा थर राहतो, त्यामुळे आतली पट्टी बाहेरच्या काचेइतकी गार होत नाही, आणि ती स्वतःही थोडी ओल शोषते. मात्र ती कुठल्याही काचेला लागत नाही. काचेला दोन्ही बाजूंना पिन असाव्या लागतात. हेल्मेट घेताना हे विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. बसवल्यावर किनार सगळीकडे टेकली नाही तर दोन पट्ट्यांच्या मध्येच वाफ अडकते, आणि ती पुसताही येत नाही. पिन जरा फिरवून ताण जुळवावा लागतो.

पिनलॉक लागत नसेल तर वाफरोधक स्प्रे, नाहीतर काचेच्या आतून भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडाने पुसून काढणं. दोन-चार पावसांपुरतं टिकतं, मग पुन्हा. नाकासमोर लावायचा रबरी पडदा मिळतो, तो श्वास खाली वळवतो. काही हेल्मेटांत आधीच असतो आणि लोक तो 'टोचतो' म्हणून काढून टाकतात. थांबल्यावर काच एक खटका वर करायची सवय लावली तरी बरंच भागतं.

रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचेवर फुटून पसरतो, ती तक्रार वेगळी. ते बारीक ओरखडे. मुंबईत बांधकामाची धूळ काचेवर सिमेंटच्या भुकटीसारखी बसते, आणि आपण ती सिग्नलला शर्टाच्या बाहीने कोरडी पुसतो. ओलं कापड काचेवर पाच मिनिटं टाकून ठेवा, धूळ भिजू द्या, मग हलक्या हाताने पुसा. ओरखडे पडलेली काच घासून सुधारत नाही, बदलावी लागते. आणि काळी काच दिवसा ठीक. संध्याकाळी सातनंतर ती घालून हायवेला जाणाऱ्यांचा आत्मविश्वास थोर आहे.

रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालू नका. आवाज दबतो, बाजूचं दिसत नाही आणि निसरड्या कापडावर हेल्मेट फिरतं. टोपी कॉलरच्या आत दुमडून ठेवा. मानेत पाणी जातं म्हणून ती घालायची असेल तर मानेभोवतीचा वेगळा पट्टा मिळतो, तो बरा.

वास येतो त्याला सुटणारं अस्तर हा एकच कायमचा तोडगा. सौम्य शांपू आणि साधं पाणी, पिळायचं नाही, सावलीत पंख्याखाली. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, तेव्हा शुक्रवारी रात्री धुवा. ओलं हेल्मेट स्कूटरच्या डिकीत बंद करून ठेवलं की सोमवारी बुरशीचा वास ठरलेला. बाहेरून पुसायला पेट्रोल, थिनर, रॉकेल काहीही नको. प्लास्टिकचं कवच आणि आतला थर्माकोल दोन्ही त्याने खराब होतात, आणि नुकसान डोळ्यांना दिसेलच असं नाही. टाकीच्या झाकणाजवळ हेल्मेट ठेवायची सवयही त्याच कारणाने वाईट. आरशाला लटकवल्यावर आरशाचं टोक बरोबर त्या थर्माकोलमध्ये रुततं.

मार्क खरा का खोटा

फिटिंग कितीही उत्तम असो, आतला थर्माकोल पॅकिंगच्या खोक्यातला असेल तर काय उपयोग? १ जून २०२१ पासून भारतात दुचाकीस्वारांसाठी बीआयएस म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोने प्रमाणित न केलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे. तरी हायवेच्या कडेला बांबूवर टांगलेली दोन-तीनशे रुपयांची हेल्मेटं सगळ्यांना दिसतात, पोलिसांसकट. त्यांवरही आयएसआयचं स्टिकर असतं. स्टिकर छापायला किती लागतं? खऱ्या मार्कच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल लिहून परवाना क्रमांक. हा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का हे लगेच दिसतं. नाव वेगळंच आलं किंवा काहीच आलं नाही तर ठेवा ते तिथेच. परदेशी बनावटीच्या काही हेल्मेटांवर ईसीई २२.०६ असतं, ते युरोपातलं मानक चांगलं आहे. फक्त इथे विकताना बीआयएसही लागतं.

फुल फेस की हाफ? हाफ हेल्मेट डिकीत मावतं, हाच त्याचा खरा गुण. हनुवटी आणि जबडा त्यात उघडे राहतात. उकाडा सहन होत नसेल तर हनुवटीचा भाग वर होणारं फ्लिप-अप घ्या, वजन थोडं जास्त असतं, पण चालवताना बंद ठेवायचं.

मागे बसणाऱ्यासाठी घरातलं जुनं, कोणाचंही, कुठल्याही मापाचं हेल्मेट काढायची आपली पद्धत आहे. जून २०२२ पासून मुंबई वाहतूक पोलीस मागच्या माणसाच्या हेल्मेटसाठीही कारवाई करतात, तेव्हापासून वहिनींच्या, आईच्या डोक्यावर जी हेल्मेटं दिसतात त्यातली अर्धी वाऱ्याबरोबर फिरत असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ नुसतं 'घाला' म्हणत नाही, पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं हवं असंही म्हणतं. मागचा माणूसही तेवढ्याच वेगाने पडतो, त्याचंही डोकं मोजा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे: मुलाच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा पट्टा म्हणजे हार्नेस, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मोठ्यांचं हेल्मेट लहान मुलाला घालणं म्हणजे त्याच्या मानेवर नुसतं ओझं.

हातमोजे, जॅकेट, गुडघे, बूट

पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हेल्मेटनंतरचा पैसा हातमोज्यांवर. तळहातावर घसरणारा कडक भाग हवा, मनगटाला पट्टा हवा. पट्टा लावून दुसऱ्या हाताने बोटांकडून ओढा. निघाले तर पडतानाही निघतील. बोटांच्या टोकाला जास्त कापड उरलं की क्लच दाबताना गोळा होतं आणि हात बधिर होतो, ती तक्रार नेहमी गाडीवर ढकलली जाते. डाव्या अंगठ्यावर रबरी पट्टी असलेले घ्या, काच पुसायला मिळते.

जॅकेट मुंबईत जाळीचंच. चामड्याचं जॅकेट इथे कपाटात शोभतं. दुकानात उभं राहून मापू नका, गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा. कोपराचा गार्ड तेव्हाही कोपरावर राहिला पाहिजे. बाहीत तो बाजूला फिरत असेल तर पडताना कोपर मोकळंच. गार्ड बाहेर काढून त्यावर ईएन १६२१-१ आणि पाठीच्या तुकड्यावर ईएन १६२१-२ हे युरोपीय मानकांचे क्रमांक लिहिलेत का बघा, लेव्हल दोन असेल तर जास्त चांगलं. स्वस्त जॅकेटात पाठीच्या जागी बऱ्याचदा नुसता मऊ फोम भरलेला असतो, त्यावर काही लिहिलेलंच नसतं. रेनसूट मात्र जॅकेटवरून चढेल एवढा मोठा घ्या.

पॅंटवरून बांधायचे नीगार्ड घसरून नडगीवर येतात, ही तक्रार पट्टे आवळून सुटत नाही, पाय सुजतो फक्त. वरचा पट्टा गुडघ्याच्या वर मांडीच्या निमुळत्या भागावर यायला हवा. तेवढी लांबी नसेल तर पॅंटच्या आत बसणारे घ्या. बूट घोट्याच्या वर जाणारे, नाड्या आत खोचलेल्या. ऑफिसचे बूट बॅगेत. चपलेबद्दल मी बोलत नाही, त्यावर बोलून आजवर कोणी ऐकलेलं नाही.

न बसणाऱ्या हेल्मेटचं काय करायचं

कधी आपटलेलं नसेल, पाच वर्षांच्या आतलं असेल, तर चुलत-मावस भावंडांत कोणाला बसतं का बघा, वरच्या सगळ्या चाचण्या करून. आपटलेलं असेल, किंवा आतला थर्माकोल कोणी खरवडला असेल, तर ते भंगारवाल्याला तसंच देऊ नका. त्याच्याकडून ते पुन्हा फुटपाथवर येतं आणि कोणीतरी शंभर रुपयांत डोक्यावर घालतं. कात्रीने पट्टा दोन्हीकडून कापा, आतला थर्माकोल बाहेर ओढून तोडा, आणि मगच सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाका.